कर्णधारासारखा खेळाडू विकला की संघ मोडतो?
ड्रेसिंग रूम ज्याच्या शब्दावर चालते त्याला ट्रेड केलं (म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला दिलं) की संघ विस्कटतो, असं बरेच जण म्हणतात. भीती रास्त आहे, पण दरवेळी तसं होत नाही. २०२३ मध्ये NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सने आपल्या मार्कस स्मार्टला मेम्फिसच्या संघाकडे पाठवून पोर्झिंगिस हा खेळाडू आणला, तेव्हा मलाही फार वाईट वाटलं होतं. स्मार्ट म्हणजे नऊ सीझन बॉस्टनमध्येच काढलेला, २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू, कुणाच्याच ताब्यात नसलेल्या बॉलसाठी जमिनीवर झेपावणारा माणूस! आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, बॉस्टनचा संघ विजेता ठरला.

मला वाटतं याचं मोठं श्रेय त्यानंतर आलेल्या ड्रू हॉलिडेला जातं. आधीच्या मिलवॉकी संघात शेवटच्या सीझनमध्ये सामन्यामागे १९.३ पॉइंट्स करणारा हा गडी बॉस्टनमध्ये १२.५ वर आला. बॉल टेटम आणि ब्राउन या संघाच्या दोन मुख्य खेळाडूंच्या हातात, हा कोपऱ्यात थांबून थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) मारायचा आणि बचावात गरज पडली तर स्वतःपेक्षा कितीतरी उंच सेंटरलाही (बास्केटजवळ खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूलाही) अंगावर घ्यायचा. त्याने कुरकुर केली असती तर सूत्रं टेटम-ब्राउनकडे इतक्या सहज गेली नसती. पोर्झिंगिस तर त्या प्लेऑफमध्ये बराच काळ दुखापतीमुळे बाहेरच होता.