मदत हवी आहे: भर दुपारी एनडीव्हीआय कोसळतोय

पानगळ: मंडळी, जरा घाईत आहे. एएस७२६५एक्सचे (उजेडाचे वेगवेगळे रंग मोजणारे) दोन सेन्सर खांबावर लावलेत, एक आकाशाकडे, एक पिकाकडे. सकाळी एनडीव्हीआय (लाल आणि अवरक्त परावर्तनाच्या फरकावरून काढलेला पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) ०.८ येतो, भर दुपारी ०.५. पीक तेच, खांब तोच! रविवारी सेंटिनेल-२ उपग्रह वरून जाणार, त्याच्याशी ताडायचंय. सेन्सर बदलू का?

किरण_७: गेन (सेन्सर सिग्नल किती पट वाढवतो ते) किती ठेवलाय? वरच्यावर डिफ्युझर (उजेड पसरवणारं झाकण) आहे? गुणोत्तर नको, कच्चे आकडे टाका.

पानगळ: टेफ्लॉनचा डिफ्युझर आहेच की. गेन १६, दोन्हींचा.

जुनं_खोड: दोन सेन्सर हवेत कशाला? एकच घ्या, आधी पांढऱ्या टेफ्लॉनवर धरा, मग पिकावर. मी कायम तसंच मोजतो. दोन सेन्सर कधी जुळत नाहीत.

किरण_७: मधेच ढग आला की तुमची दोन मापं वेगवेगळ्या उजेडातली होतात. जुळवायचं तर दोन्ही एकाच वेळी त्याच टेफ्लॉनवर धरून गुणक काढायचा.

जुनं_खोड: ढग असेल तर उपग्रहाला तरी शेत कुठे दिसतं? त्या दिवशी मोजूच नये.

मधुमालती: खिडकीतल्या कुंडीला ऊन पुरतं का, ते फोनच्या लक्स ॲपवर कळेल का?

किरण_७: लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं माप आहे, पानाच्या गरजेवर नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

दिवा: एवढा महाग सेन्सर कशाला? साध्या एलईडीवर उजेड पडला की तीच प्रवाह देते. फॉरेस्ट मिम्स यांनी एलईडी वापरूनच सूर्यप्रकाशमापक केले.

पानगळ: दिवा, आता नवं काही बांधायला वेळ नाही हो. हे घ्या वरच्या सेन्सरचे आकडे.
सकाळी ७: ६८० नॅनोमीटरला (लाल) ४१२००, ८६० ला (अवरक्त) ११३००
११:४०: ६५५३५, ५३१००
१२:००: ६५५३५, ५३८००

किरण_७: सापडलं! ६५५३५ ही १६ बिटांची कमाल. लाल चॅनेल भरून गेलाय. वरून येणारा लाल उजेड कमी मोजला जातो, त्यामुळे पिकाचं लाल परावर्तन फुगतं आणि एनडीव्हीआय पडतो. सेन्सर ठणठणीत आहे. वरच्याचा गेन ३.७ करा आणि गुणक नव्याने काढा.

पानगळ: केलं. आज दुपारी बाराला ६८० ला ४५३००, एनडीव्हीआय ०.७९. किरण, फार मोठं काम झालं!

जुनं_खोड: सेंटिनेल-२ चा लाल पट्टा ६६५ नॅनोमीटरवर आहे, तुमचा ६८० वर. रविवारी आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर लगेच गेनला हात लावू नका.