जुन्या ‘पेटंट’ औषधांना पेटंट असे का?

प्रश्न (फोंडा): घराच्या माळ्यावर निळसर काचेची, अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरे असलेली बाटली सापडली. लेबलाच्या उरलेल्या तुकड्यावर अशक्तपणापासून संधिवातापर्यंत सारे बरे करण्याची हमी आहे. अशा औषधांना पेटंट मिळे तरी कसे?

उत्तर (मडगाव): बहुतेकांना ते मिळालेलेच नसे. पेटंट घ्यायचे तर घटक उघड करावे लागतात आणि या धंद्याचे सारे भांडवल गुप्ततेत होते. म्हणून उत्पादक नाव आणि लेबल यांवरच हक्क राखत. बीचमच्या गोळ्यांची डबी ‘एका गिनीच्या मोलाची’ म्हणून गाजली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात तिच्यात कोरफडीचा सुकवलेला रस, सुंठ आणि साबण निघाला.

उत्तर (म्हापसा): साबण परवडला म्हणायचा. अमेरिकेत मिसेस विन्सलोच्या सिरपच्या जाहिरातीत प्रसन्न आई आणि गुटगुटीत बाळ दिसे, पण बाळ शांत होई ते त्यातल्या मॉर्फिनमुळे. तिथे १९०६ च्या कायद्याने मॉर्फिन, अफू, मद्य यांचा उल्लेख लेबलावर सक्तीचा झाला. आपल्याकडे चमत्कारिक इलाजांच्या जाहिरातींवर बंधने आली ती १९५४ च्या कायद्याने. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तुकडा भिंगाखाली पुन्हा पाहिला. घटकांची ओळ कुठेच नाही. नकली मालापासून सावध राहण्याची सूचना मात्र ठळक अक्षरांत आहे.