पट्टी एकावन्नची, दार बावन्नचं : या पिकअपला 'ओरिजिनल' म्हणायचं का?

कॅन्ससकर

गेल्या महिन्यात पिकअप घेतली. शेव्हरोले ३१००, १९५१ची, मिसुरीतल्या एका शेतकऱ्याकडून. जाहिरातीत लिहिलं होतं 'शंभर टक्के ओरिजिनल'. मी कॅन्सस सिटीत राहतो आणि गाडीही इथल्याच लीड्स भागातल्या कारखान्यात जुळलेली, म्हणून जीव अडकला. दोन शनिवार टॉर्च, हातआरसा आणि खडू घेऊन तिच्याखाली लोळलो. आता माझं मत असं, की ही गाडी ओरिजिनल नाही, आणि तिला ओरिजिनल करायच्या भानगडीतही पडू नये. घाला वाद.

आधी जमेची बाजू. दाराच्या खांबावरची गाडीच्या नंबराची पट्टी काळी, रुपेरी अक्षरांची. १९५३ला ती निळी झाली, म्हणजे इथवर ठीक. नंबर '५ जेपीसी'ने सुरू होतो. ५ म्हणजे कॅन्सस सिटी, जे म्हणजे १९५१, पी म्हणजे अर्ध्या टनाची ३१००, सी म्हणजे मार्च. दारांना पुढच्या बाजूला छोटी तिकोनी काच आहे, ती १९५१लाच आली. स्पीडोमीटर ८० मैलांवर संपतो, पुढच्या वर्षीपासून तो ९०पर्यंत गेला. मागच्या हौद्याच्या तळाला फळ्या नऊ. त्याच वर्षाच्या मध्यावर त्या आठ झाल्या, तेव्हा मार्चच्या गाडीला नऊच हव्यात. त्या मोजून झाल्यावर मला जो आनंद झाला तो बायकोला काही समजावता आला नाही.

मग उजवीकडे गेलो. ड्रायव्हरच्या दाराची मूठ खाली फिरवून उघडते, १९५१ची तशीच. उजव्या दाराला मात्र अंगठ्याने दाबायचं बटण! ते १९५२पासूनचं. दाराच्या आतल्या कडेला नखाएवढी जागा खरवडली. डाव्या दाराला तळच्या थरात गडद हिरवा, म्हणजे फॉरेस्टर ग्रीन, त्या काळातला या ट्रकांचा नेहमीचा रंग. उजव्या दाराला तळच्या थरात निळा.

इंजिनाची गंमत याहून मोठी. या गाडीत २१६ घनइंचाचं हवं. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, ओतकामाची तारीख असते : महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. माझ्याकडे 'एफ १७ ५'. म्हणजे १७ जून १९५५. गाडीपेक्षा इंजिन चार वर्षांनी धाकटं! ते २३५ निघालं. बाजूचं झाकणही बुटकं आहे, जुन्या इंजिनांना ते स्पार्क प्लगपर्यंत वर चढलेलं असायचं.

जुना_पाना

अहो, फळ्या नऊ की आठ हे मोजता आणि परकं इंजिन तसंच ठेवता? सोवळं नेसून वडापाव खाल्ल्यासारखं झालं हे.

माझं मत साफ आहे. १९५१ची गाडी १९५१ची दिसली पाहिजे आणि १९५१सारखी चाललीही पाहिजे. २१६ इंजिनाचं वंगणच वेगळं. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला पळीसारखा भाग असतो, तो खालच्या पन्हळीतलं ऑइल उडवत फिरतो. बेअरिंग ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची. म्हणून ती गाडी सावकाश, एका लयीत पळते. ती लयच काढून टाकलीत तर खाली उरला नुसता सुंदर पत्रा. मुठीचं दार शोधा, २१६ बसवा, फॉरेस्टर ग्रीन मारा. भाग मिळतात, तुमच्या देशात तर ढिगाने मिळतात.

पत्रेवाला_कोल्हापूर

मी डेंटिंगवाला. मतं नंतर, आधी पत्रा. केबिनला मागच्या कोपऱ्यात वळणदार काचा आहेत का? पाच खिडक्यांची केबिन तेव्हा जादा पैसे देऊन मिळायची, त्यामुळे आज तिला भाव. साध्या केबिनचे कोपरे कापून तिथं दुसऱ्या गाडीचे काचवाले कोपरे वेल्ड करणारी मंडळी आहेत. आतून अस्तर काढून बघा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, शिस्तीत असतात, आपल्यासारख्यांचं वेल्डिंग वळवळत जातं. बाहेरून चुंबक फिरवा. जिथं धरत नाही तिथं खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

आणि रंग सगळा एकदम उतरवू नका. शेंदराचं कवच असतं ना देवावर, तसं आहे हे. एकेक थर बघत गेलं तर आतली मूर्ती कळते. सगळं एका दिवसात ब्लास्टिंगला दिलंत की मूर्ती हाती येते, पण कुठला थर कधी चढला ते कायमचं गेलं.

कॅन्ससकर

@पत्रेवाला साधी तीन खिडक्यांचीच केबिन आहे, त्यामुळे तो घोळ नाही. चुंबक फिरवला. दोन्ही दारांच्या खाली आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत पडतो. पाणी साठायच्या जागा त्या, अपेक्षितच होतं.

एडिसनकर

'कारखान्यातली' म्हणजे नक्की काय, हेच इथं कुणी ठरवलेलं दिसत नाही. १९५१ म्हणजे कोरियाचं युद्ध चालू, क्रोमवर निर्बंध. त्या वर्षांतल्या किती गाड्यांची पुढची जाळी रंगवलेली असायची! आज लोक 'ओरिजिनल करतो' म्हणत तीच जाळी झगझगीत क्रोम करतात. हौद्याच्या फळ्यांचंही तसंच. कारखान्यात साधं लाकूड, त्यावर साधा रंग. प्रदर्शनात बघाल तर दिवाणखान्यातल्या टेबलासारखं व्हार्निश आणि मध्ये चकाकत्या पट्ट्या. @जुना_पाना, तुमची १९५१ यातली कुठली? कारखान्यातली की प्रदर्शनातली?

आणि कॅन्ससकर, दाराआधी कागद बघा. त्या काळात बऱ्याच राज्यांत गाडीची नोंद इंजिन नंबरवर व्हायची. इंजिन बदललं की कागदावरचा नंबर आणि खांबावरची पट्टी यांची फारकत. दार निळं की हिरवं हा हौसेचा प्रश्न, हा मात्र कचेरीतला.

जुना_पाना

रंगवलेली जाळीच म्हणतोय मी. व्हार्निशवाल्यांच्या पंगतीला मला बसवू नका.

कराडची_माती

मला हा सगळा वाद जरा परका वाटतो. आपल्याकडे शिवडीला १९२८ ते १९५४ जनरल मोटर्सचा कारखाना होता, सुटे भाग बोटीने येत आणि इथं जुळणी होई. ट्रक तर बऱ्याचदा नुसता चेसी आणि बॉनेट असाच मिळायचा, मागचं सगळं गावातला सुतार आणि लोहार करी. मग त्या गाडीचं 'फॅक्टरी ओरिजिनल' काय? सुताराचा हौदा तोडून टाकायचा का?

पिकअप ही राबणारी वस्तू. आजीची गोधडी असते, तिला एक ठिगळ आत्याच्या लुगड्याचं, एक आजोबांच्या धोतराचं. मूळ कापड कुठलं ते शोधायला कुणी टाके उसवत नाही. निळं दार हे तसलंच ठिगळ. राहू द्या.

जुना_पाना

गोधडी पांघरायला माझी काहीच हरकत नाही. ती पैठणी म्हणून विकली, तक्रार त्याची आहे. जाहिरातीत 'शंभर टक्के' लिहिलंय ना?

कॅन्ससकर

हा टोला मान्य. म्हणून काल विकणाऱ्याला फोन केला, जरा आवाज चढवूनच.

गृहस्थ पासष्टीचे. शांतपणे म्हणाले, गाडी वडिलांची, मला आठवतंय तेव्हापासून अश्शीच आहे. दार ट्रॅक्टर मागे घेताना चेपलं होतं, शेजाऱ्याच्या मोडीत निघालेल्या ट्रकचं आणून लावलं, हे त्यांनी आईकडून ऐकलेलं. ते झालं त्यांच्या जन्माआधी. इंजिनही तसंच. पाण्याचा पंप जुन्या उंचीवर बसावा म्हणून ब्लॉकवर एक जोडपट्टी घातली आहे, ती मी हत्यारं लावून बघितली. इतकी नेटकी की आधी मला ती कारखान्याचीच वाटली. म्हणजे त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाडी अशीच जन्मली.

@एडिसनकर कागद पाहिले. नोंद खांबावरच्या पट्टीच्या नंबरावरच आहे, सुटलो.

@जुना_पाना २१६ मी बसवणार नाही. मागच्या धुरीला ४.११चा गिअर रेशो, म्हणजे वेगात इंजिन फार फिरणार, त्यावर ओतीव बॅबिट घेऊन आजच्या हायवेला जायचं म्हणजे पाठीमागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात जायचं. २३५ला ऑइल दाबाने पोचतं. पण तुमचं अर्धं म्हणणं घेतो. एका वहीत लिहून ठेवतोय : हे कारखान्याचं, हे १९५२ किंवा पुढचं, हे १९५५चं, हे सांगता येत नाही. वही डॅशच्या खणात राहील. पुढे कुणी घेईल त्याला जाहिरातीवर विसंबायला नको.

जुना_पाना

वही चांगली. तरी निळ्या दाराची मूठ माझ्या डोळ्यांत खुपणारच. फोटो टाकताना डावी बाजू टाकत जा.

पत्रेवाला_कोल्हापूर

वहीत एक ओळ माझी. मागचा उजवा दिवा. कारखान्यातून फक्त डावा यायचा, उजवा जादाचा, बऱ्याच वेळा विक्रेता लावून द्यायचा. तुमच्या पहिल्या फोटोत फाळक्याच्या दोन्ही अंगाला दिवे दिसतात. उजव्याचं ब्रॅकेट सैल करून खाली बघा. खाली अखंड हिरवा रंग असला तर दिवा नंतरचा.

कराडची_माती

दिव्यालाही सोडू नका तुम्ही!

कॅन्ससकर

बघितलं आत्ताच. ब्रॅकेटखाली हिरवा रंग अखंड आहे. पण डाव्या दिव्याखालीही अखंडच आहे. आता?

पत्रेवाला_कोल्हापूर

दोन्हीचे बोल्ट काढून डोक्यांचे फोटो टाका. आज रात्री गॅरेज बंद केल्यावर बघतो.