मानेची सोनोग्राफी: त्रास नसताना गाठ शोधायला जावं का?

पुणेरी_जावई
हेल्थ चेकअपच्या पॅकेजात हल्ली थायरॉइड ग्रंथीतल्या गाठी शोधायला मानेची सोनोग्राफीही घुसडतात. गिळायला त्रास नाही, हाताला गाठ लागत नाही, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर नाही. तरी जेल चोपडून प्रोब फिरवायचा आणि रिपोर्टात '६ मिमी गाठ' वाचून रात्री जागवायच्या. माझ्या मते ही तपासणी करूच नये.

दक्षिण कोरियात काय झालं बघा. १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी योजना आली. तिच्यात थायरॉइड नव्हतंच, पण दवाखान्यांनी ३० ते ५० डॉलर घेऊन मानेची सोनोग्राफी सोबत द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये या कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, त्या एका वर्षात ४०,००० वर लोक. मृत्यूदर मात्र होता तिथेच. ऑपरेशन झालेल्यांपैकी ११ टक्क्यांच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्या, म्हणजे बोटांना मुंग्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. २ टक्क्यांची स्वरयंत्राची नस लुळी पडली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर विरोध केला, तेव्हा कुठे ऑपरेशनं घटली.

मावशीआजी
आकडे ठीक आहेत हो. माझ्या धाकट्या जावेची गाठ मानेच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीत, अवचित सापडली. चांगली ३ सेंमीची, कडा वेड्यावाकड्या, शेजारची लसिकाग्रंथी सुजलेली. मान भरलेली, त्यामुळे बाहेरून कुणाच्या लक्षात येणार? तिला काय सांगायचं, 'कोरियात मृत्यूदर वाढला नाही' म्हणून?

पुणेरी_जावई
मावशी, तो डॉपलर दुसऱ्याच कारणासाठी होता. समोर आलेली गाठ सोडा असं कोण म्हणतंय? मुद्दाम उकरायला जाऊ नका, एवढंच.

सोनोवाला
रोज प्रोब धरणाऱ्याचं ऐका. हाताने चाचपलं तर ४ ते ७ टक्के लोकांत गाठ लागते. सोनोग्राफीत हाच आकडा १९ ते ६८ टक्क्यांपर्यंत जातो. वय वाढलेलं, त्यात बाई असेल, तर गाठ दिसली नाही तरच मला नवल वाटतं. यातल्या बहुतेक निरुपद्रवी.

पण दोष प्रोबला का? टायरॅड्स म्हणून गाठ किती संशयास्पद ते ठरवायची पद्धत आहे, तिच्याप्रमाणे गाठीला गुण द्या. आतून घट्ट आहे का, काळपट दिसते का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कॅल्शियमचे बारीक ठिपके आहेत का. सगळ्यात संशयास्पद गटातल्या गाठीलाही १ सेंमीखाली सहसा नमुना घ्यायला सुई लावत नाहीत. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून छोटे कॅन्सर न कापता नुसते नजरेखाली ठेवले. १० वर्षांत साधारण ८ टक्केच वाढले. बघा, पण घाई करू नका.

खडूस_काका
वा! 'कॅन्सर आहे, पण बसा शांत' हे ऐकून आपल्याकडे कोण शांत बसेल? सोनोवाले, तुम्ही गुण देऊन मोकळे. पुढे सुई, मग 'निष्कर्ष अनिश्चित', मग परत सुई, मग 'काढूनच टाका, डोक्याला ताप नको'. पूर्ण ग्रंथी काढली की जन्मभर पहाटे उपाशीपोटी गोळी. फिनलंडमधल्या १९८५ च्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात दुसऱ्याच कारणांनी गेलेल्या सुमारे एकतृतीयांश लोकांत असले बारीक कॅन्सर सापडले होते. ती माणसं जगली तशीच. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कार्यदलानेही २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी नको म्हणून सांगितलंय.

मावशीआजी
आणि लहानपणी मानेवर रेडिएशन घेतलेल्यांचं काय? सख्ख्या नात्यात हा कॅन्सर असेल तर?

खडूस_काका
त्यांची गोष्ट वेगळी, कार्यदलानेही त्यांना वगळलंय. त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर करावी. आवाज बसलाय, गाठ हाताला लागतेय, त्यांनी तर आजच जावं.

पुणेरी_जावई
ऑफिसच्या चेकअपला मी काउंटरवर म्हटलं, मानेची सोनोग्राफी तेवढी काढा. म्हणाले, काढतो, पण पैसे तेवढेच.