अमेरिकेची घटना जेफरसनने लिहिली नाही, मग लिहिली कोणी?

पानगळ:
परवापर्यंत माझी पक्की समजूत होती की अमेरिकेची राज्यघटना थॉमस जेफरसनने लिहिली. आता कळतंय की १७८७ साली फिलाडेल्फियात घटना परिषद चालू होती तेव्हा हा माणूस पॅरिसला राजदूत होता, आणि जॉन अ‍ॅडम्स लंडनला. म्हणजे आपण पहिल्या दमात ज्यांची नावं घेतो त्यातले दोघं तिथे नव्हतेच! वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी, तो फारसा बोलला नाही, फ्रँकलिन ८१ वर्षांचा. घटनेचा जनक म्हणून मॅडिसनचं नाव सगळीकडे येतं ते ठीक आहे, पण आले होते ५५ जण ना? बाकीच्यांनी काय केलं? 'वुई द पीपल' हे शब्द नक्की कोणाच्या हातचे? नुसती नावं नका टाकू प्लीज, त्या माणसाने केलं काय आणि पुढे त्याचं झालं काय ते सांगा.

जुनी_वही:
गव्हर्नूर मॉरिस. हे पद नाही हां, नावच आहे, आईचं माहेरचं आडनाव मुलाला ठेवलेलं. मूळचा न्यूयॉर्कचा पण परिषदेत पेनसिल्व्हेनियातर्फे बसलेला, वय पस्तीस, आणि एका पायाच्या जागी लाकडी पाय, कारण १७८० मध्ये घोडागाडीच्या अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला होता. सगळ्यात जास्त वेळा बोलायला उठलेला माणूस हाच, १७३ वेळा, तेही मधे काही आठवडे तो हजर नसताना.

आता तुमचा मुद्दा. सप्टेंबरमध्ये सगळे ठराव झाल्यावर भाषा नीट करायला पाच जणांची समिती नेमली, त्यात मॅडिसन आणि हॅमिल्टनही होते, पण लेखणी दिली मॉरिसच्या हातात. चार दिवसांत त्याने २३ कलमांची ७ केली. आधीच्या मसुद्यात सुरुवात होती 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स... या राज्यांचे लोक' अशी एकेक राज्याचं नाव घेत. त्यात अडचण अशी की नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार होती, पण ती नऊ कुठली हे कोणालाच माहीत नव्हतं, ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवला नव्हता, मग त्याचं नाव कसं लिहिणार. मॉरिसने सगळी नावं उडवली आणि 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' असं केलं. एका अडचणीवरचा उपाय म्हणा हवं तर, पण त्याने अर्थ पार बदलला, राज्यांनी आपसात केलेला करार आता लोकांनी स्वतःला दिलेली घटना झाला. मॅडिसनने म्हातारपणी पत्रात लिहून ठेवलंय की भाषेची शेवटची सफाई मॉरिसची.

आणि मला हा माणूस खरा आवडतो तो ८ ऑगस्टच्या भाषणासाठी. दक्षिणेकडच्या जमीनदारांसमोर उभं राहून त्याने गुलामगिरीला नीच संस्था म्हटलं, ती जिथे आहे त्या राज्यांवर देवाचा शाप आहे म्हणाला. विचारलं, राज्याच्या जागा ठरवायला गुलाम मोजता ना, मग ते माणसं असतील तर त्यांना नागरिक करा आणि मत द्या, मालमत्ता असतील तर मग बाकीची मालमत्ता का मोजत नाही? मतदानात हरला. पण बोलला.

आडवाट:
मॉरिसने शेवटचा हात फिरवला हे बरोबर, पण त्याआधीचा मसुदा ज्या समितीने केला तिच्यात जेम्स विल्सन होता आणि त्या मसुद्याचे त्याच्या हस्ताक्षरातले कागद आजही आहेत. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, विशीत अमेरिकेत आला, वकील झाला, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, घटनेवर सही, दोन्हीकडे सही असलेले फक्त सहा जण आहेत. राष्ट्राध्यक्ष एकच असावा आणि लोकांनी थेट निवडावा असं तो जूनमध्येच म्हणत होता. ते कोणी ऐकलं नाही म्हणून त्याने मधला मार्ग सुचवला, लोकांनी निवडक माणसं निवडायची आणि त्यांनी अध्यक्ष निवडायचा. आजची इलेक्टोरल कॉलेजची पद्धत तिथूनच सुरू झाली.

पण त्याच विल्सनने ११ जूनला राज्याच्या जागांसाठी लोकसंख्या मोजताना गुलामांना तीन पंचमांश धरायचा प्रस्तावही मांडला, दक्षिणेची राज्यं सोबत यावीत म्हणून. हे लपवून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही.

आणि शेवट फार वाईट. वॉशिंग्टनने त्याला पहिल्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश नेमलं, पण जमिनींच्या सट्ट्यात इतका बुडाला की पदावर असताना कर्जापायी दोनदा तुरुंगात गेला, सावकारांना टाळत राज्याराज्यांतून पळत होता. ऑगस्ट १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेंटनला आजारपणात गेला, ५५ वर्षांचा. तिथेच पुरला. १९०६ साली म्हणजे १०८ वर्षांनी त्याचे अवशेष फिलाडेल्फियात आणले.

तांबडफुटी:
रॉजर शर्मन राहिला की! कनेक्टिकटचा, आधी चपला-बूट शिवायचा, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, स्वतः शिकून जमिनी मोजायला लागला, पंचांगं छापली, मग वकील, मग न्यायाधीश. १७७४ चा ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा करार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, कॉन्फेडरेशनची कलमं (घटनेआधीचा राज्यांचा करार) आणि घटना, या चारही कागदांवर सही असलेला एकमेव माणूस. मोठी राज्यं म्हणत होती लोकसंख्येवर जागा द्या, छोटी म्हणत होती सगळ्यांना सारख्या, आणि परिषद मोडायच्या बेतात असताना शर्मन धरून बसला होता की एका सभागृहात लोकसंख्येवर द्या, दुसऱ्यात सारख्या. १६ जुलैला हे ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी पास झालं, मॅसॅच्युसेट्सची मतं समसमान फुटली म्हणून. एवढ्याशा फरकावर आजचं सिनेट, म्हणजे ते सारख्या जागांचं सभागृह, उभं आहे.

अजून एक, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. १७८९ मध्ये मॅडिसनला दुरुस्त्या मूळ मजकुरात मधे मधे घुसवायच्या होत्या. शर्मन अडून बसला, मूळ घटनेला हात लावू नका, दुरुस्त्या शेवटी वेगळ्या जोडा. म्हणून आज लोक पहिली दुरुस्ती, पाचवी दुरुस्ती असं आकड्याने बोलतात. खुद्द शर्मनला आधी बिल ऑफ राइट्सची, म्हणजे याच दुरुस्त्यांतून आलेल्या हक्कांच्या सनदेची, गरजच वाटत नव्हती!

जुनी_वही:
मग सही न करणाऱ्यालाही धरा. जॉर्ज मेसन, व्हर्जिनियाचा. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः त्याचा, जेफरसनच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याआधी काही आठवडे. १२ सप्टेंबर १७८७ ला तो म्हणाला की हक्कांची सनद घटनेला जोडू, काही तासांचं काम आहे. एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. या घटनेवर सही करण्यापेक्षा उजवा हात तोडून घेईन असं तो आधीच म्हणाला होता. वॉशिंग्टनशी जुना दोस्ताना होता तो यात तुटला. सनद डिसेंबर १७९१ मध्ये आली, पुढच्या वर्षी मेसन गेला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कडक बोलला आणि घरी मात्र गुलाम ठेवले, तेही लिहायलाच हवं.

रेघोट्या:
सगळे डेलिगेटच चाललेत म्हणून दोन नावं माझी.

जेम्स, व्हर्जिनियातला गुलाम, मालकाचं आडनाव आर्मिस्टेड. १७८१ मध्ये अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनापती लाफायेतसाठी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत हेरगिरी केली, इंग्रजांना वाटत होतं हा आपला माणूस. युद्ध जिंकल्यावर जे गुलाम सैनिक म्हणून लढले त्यांना मुक्त करायचा कायदा आला, आणि हा हेर, सैनिक नाही, म्हणून बसेना! लाफायेतने स्वतः हाताने शिफारस लिहून दिली, तरी सुटका व्हायला १७८७ उजाडलं, म्हणजे घटना लिहिली गेली तेच वर्ष. मग त्याने आडनाव घेतलं लाफायेत.

दुसरी मॅरी कॅथरीन गोडार्ड, बाल्टिमोरची छापखानेवाली आणि पोस्टमास्तर. ४ जुलै १७७६ च्या रात्री छापलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर दोनच नावं होती, अमेरिकन काँग्रेसचा अध्यक्ष हॅनकॉक आणि सेक्रेटरी थॉमसन. सह्या करणाऱ्यांची नावं घालून पहिली प्रत जानेवारी १७७७ मध्ये हिने छापली, युद्ध कुठे जाईल ठाऊक नसताना. ती नावं म्हणजे राजद्रोह्यांची यादीच होती. १७८९ ला तिचं पोस्ट काढून घेतलं, म्हणे फिरतीचं काम बाईला जमणार नाही. बाल्टिमोरच्या दोनशेहून जास्त लोकांनी अर्ज केला, तिने वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, उपयोग झाला नाही.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार, विल्सनचं वाचून खूप वेळ सुन्न बसलो होतो. रेघोट्या, तुमचं वाचल्यावर त्या छापील प्रतीचा फोटो शोधून मोठा करून बघितला. एरवी ती फक्त एम. के. गोडार्ड असं घालायची म्हणतात. इथे सगळ्यात खाली पूर्ण नाव आहे, मॅरी कॅथरीन गोडार्ड.