कुत्र्यांचं घर आणि फरशीचे सांधे: तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे दोन कुत्री. फरशी घालून चार वर्षं झाली. टाइल्स नव्यासारख्या आहेत, पण सांध्यांकडे बघवत नाही. बाल्कनीच्या दाराशी थोरला रोज पाय वर करतो. तिथलं ग्राउट (सांध्यात भरलेलं सिमेंटचं मिश्रण) आधी पिवळं पडलं, मग काळं. गेल्या महिन्यात ब्रश घेऊन घासायला बसले तर सांध्यातून वाळूच सुटून हाताला लागली. इतके दिवस मी त्याच्या नखांवर खापर फोडत होते. चूक माझीच निघाली. वास जावा म्हणून रोज व्हिनेगरचं पाणी मारत होते, आणि आम्ल सिमेंटला खातं. आता नव्याने भरून घ्यायचंय. तुमच्याकडे काय टिकलं? फसलेले प्रयोग आधी सांगा, त्यांचाच उपयोग जास्त.

*

फसलेलाच सांगतो. जुनं ग्राउट न काढता वरूनच नवीन ओढलं. दिसायला झकास! आठवड्याभरात पापुद्रे सुटले आणि आमचं पिल्लू त्यातला एक चघळताना पकडलं गेलं. मग स्क्रेपरने सांधे कोरत बसलो. निदान दोनतृतीयांश खोलीपर्यंत जुनं निघालं पाहिजे, तरच नवं धरतं. ग्राइंडर वापरायचा मोह आवरा. माझा एकदाच घसरला, टाइलची कड उडाली. ती अजून सोफ्याखाली लपवलीय.

*

मी फरशीचं काम करतो आणि घरी तीन कुत्रे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नीट भरलेल्या सांध्याला चालत्या-पळत्या कुत्र्याची नखं फारसं काही करत नाहीत. एकाच जागी उकरायची सवय असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा काम मुळातच बिघडलेलं असतं. पसरायला सोपं जावं म्हणून मिश्रणात पाणी जास्त घालतात. ते पाणी उडून गेलं की आत बारीक छिद्रं राहतात, सांधा भुसभुशीत होतो, रंगही ठिकठिकाणी वेगळा दिसतो. सांधा साधारण 3 मिमीपेक्षा रुंद असेल तर वाळूचं ग्राउट लागतं, बिनवाळूचं आकसून तडकतं.

एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा तडा जात असेल तर आधी टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला धरलेला नाही. पाय पडला की टाइल हलते, आणि मग वर कितीही महाग ग्राउट भरा, तडकणारच. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा. तिथे हालचाल होते आणि नर कुत्र्यांची आवडती जागाही तीच.

*

एक कळकळीचं सांगणं: शूवर ब्लीच कधीही ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. मी बंद बाथरूममध्ये हा उद्योग केलाय, खोकून खोकून बाहेर पळाले. अमोनियाचं क्लीनरही नको, त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच येतो आणि तो परत तिथेच जातो. आता आधी टिपून घेते (पुसत नाही, पुसलं की पसरतं), मग एन्झाइमचं (शूचे घटक तोडणारं) क्लीनर ओतते आणि बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत सांधा ओला ठेवते. लगेच पुसून घेतलं तर पैसे पाण्यात. जुने डाग शोधायला रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारा. मात्र मन घट्ट करून!

*

आमची म्हातारी लॅब्राडॉर शेवटची दोन वर्षं झोपेतच शू करायची. तिच्या खोलीत आम्ही सगळे सांधे उकरून एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट) भरलं. ते पाणी शोषत नाही, सीलरही (सांध्यात पाणी जिरू नये म्हणून लावायचा द्रव) लागत नाही. ती गेली, सांधे मात्र अजून स्वच्छ आहेत. पण काम कटकटीचं. रेझिन आणि हार्डनर मिसळलं की ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडंथोडंच कालवायचं. टाइलवरचा चिकट थर तेव्हाच्या तेव्हा पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी रडायची वेळ. आमच्या खिडकीजवळच्या चार टाइल्स अजून धुरकट दिसतात. थेट ऊन येतं तिथे ते पिवळटही पडलंय.

*

आमच्याकडे शू नाही, पाण्याचं भांडं हा व्हिलन. पितो कमी, सांडतो जास्त. भांड्याखाली काठ असलेला ट्रे ठेवला, विषय संपला. रबरी मॅट मात्र ठेवू नका, खाली ओल अडकून सांधा काळा पडतो.

*

सिमेंटचं ग्राउट ठेवणार असाल तर सीलर हवाच. ग्राउट पूर्ण वाळल्यावर लावायचा आणि टाइलवर सांडलेला लगेच पुसायचा. पुन्हा कधी लावायचा हे कॅलेंडर बघून ठरवू नका. सांध्यावर पाण्याचे थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. जिरून सांधा गडद झाला तर वेळ झाली. दाराजवळ ती वेळ बाकी घरापेक्षा खूप आधी येते.

*

मीच परत. थेंबाची परीक्षा आत्ताच केली. बेडरूममध्ये थेंब तसेच उभे. बाल्कनीच्या दाराशी टाकला तो बघताबघता गायब. फडकं आणायला वळले तर थोरला ती ओल हुंगून मागचा पाय उचलायच्या बेतात. एपॉक्सीच भरतेय.