'लेव्हल'ला मराठीत काय म्हणावं? एकच शब्द की तीन?

सोनटक्का
दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला भाचरांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स शिकवायला घेतलं, म्हणजे एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. वयं अकरा ते चौदा, तिघंही मराठी माध्यमात. गोष्ट, फासे, पात्रं हे सगळं पहिल्या संध्याकाळीच जमून गेलं. अडलं ते एका शब्दापाशी. थोरलीची जादूगारीण तिसऱ्या लेव्हलला पोचली आणि तिनं लगेच फायरबॉल मागितला, कारण पुस्तकात तो तिसऱ्या लेव्हलचा मंत्र आहे. मी म्हटलं, तो पाचव्या लेव्हलला मिळतो. "पण तिसऱ्या लेव्हलचा आहे ना?" तिचं बरोबरच होतं. पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी, तळघराची (पात्रं जिथे उतरतात त्या डन्जनची) आणखी वेगळी. तिनं वही मिटली ती त्या दिवशी उघडली नाही. आता नवख्यांसाठी एक पानाचं मराठी टिपण करतोय. पातळी, स्तर, पायरी, यातलं काय घेऊ? आणि सगळीकडे एकच का?

जुनी वही
एकच अजिबात नको. पात्राला 'इयत्ता' घ्या. मुलांना तो शब्द शिकवावा लागत नाही, आणि अनुभव जमला की वरच्या वर्गात जायचं हेही आपोआप कळतं. मूळ संस्कृत आहे: इयत् म्हणजे एवढं, इयत्ता म्हणजे एवढेपणा. पात्र अमुक एवढं झालं, इतकाच अर्थ. मंत्राला 'पायरी', तळघराला 'मजला'. मग वाक्य होतं, 'पाचव्या इयत्तेत तिसऱ्या पायरीचे मंत्र मिळतात.' यात भांडायला जागा कुठे आहे?

उंबर
हा विचार खेळाच्या कर्त्यानेच करून सोडून दिलेला आहे. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात, गॅरी गायगॅक्सने लिहिलंय की पात्राला 'रँक', मंत्राला 'पॉवर' आणि राक्षसाला 'ऑर्डर' म्हणायचं आधी मनात होतं. पण लोकांच्या तोंडी लेव्हल बसलं होतं, म्हणून तळघर धरून चारही अर्थांना तेच ठेवलं. खेळ १९७४ चा. चार वर्षांत शब्द इतका रुजला की खुद्द त्याला उपटता आला नाही. ही मुलं उद्या कॉलेजला पुण्यात गेली आणि दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बसली की तिथे लेव्हलच ऐकणार. तुमची इयत्ता त्यांना एकदा शिकावी लागेल आणि मग विसरावी लागेल.

जुनी वही
म्हणजे १९७८ मधल्या जुन्या खेळाडूंची सवय मोडू नये म्हणून आजपर्यंत प्रत्येक नवखा त्याचा भुर्दंड भरतोय. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' दिले तेव्हाही हेच ऐकावं लागलं असणार. आज ते शब्द कुणाला अडतात?

वैनगंगा
माझं मत थोडं वेगळं आहे. लोक सरसकट 'नियम किचकट आहेत' म्हणतात. माझ्या कानाला किचकट म्हणजे समजायला सोपं पण करायला कंटाळवाणं, जसं तांदूळ निवडणं. लेव्हलचा गोंधळ हा किचकटपणा नाही, ती फसगत आहे. किचकट काय असेल तर पात्राच्या पत्रकावरचे आकडे. ताकद १६ लिहायची आणि फाशाच्या आकड्यात मिळवायचे अधिक ३. दहा-अकराला शून्य, बारा-तेराला एक. खेळात बहुतेक वेळा तो अधिक ३च लागतो, मग १६ कशासाठी, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही.
मी शिकले ती जुनी दुसरी आवृत्ती, १९८९ ची. त्यात आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितकं चिलखत भक्कम. मला ते उमजेना. शेवटी भावाने सांगितलं, "वर्गात पहिला नंबर दहाव्याच्या वर असतो ना, तसं." एका वाक्यात सुटलं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी आकडेच उलटे केले, पण मला नियम बदलायच्या आधी शब्दानेच वाचवलं होतं.

उंबर
मग नवख्याला पत्रक भरायला लावूच नका. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये पाच तयार पात्रं होती आणि नियमांची पुस्तिका ३२ पानांची. पहिले दोन-तीन डाव लिंबूटिंबू म्हणून खेळू द्या.

कातळ
'लिंबूटिंबू' इथे चुकतोय, आणि मला हे मनापासून सांगायचंय. लिंबूटिंबू म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही, जो बाद झाला तरी मोजत नाहीत. आमच्या वाडीत 'कच्चा लिंबू' म्हणायचे आणि चुलत भावंडांत सगळ्यात धाकटी म्हणून तो मीच. नियम सोपे होते म्हणून नाही, माझं धावणं कुणी धरत नव्हतं म्हणून मी रडत घरी जायचे. टेबलावर नवीन आलेल्याला नियम कमी द्या, पण त्याचं पात्र मरू शकलं पाहिजे आणि त्याच्या निर्णयाने गोष्ट वळली पाहिजे. त्याला 'नवखा' म्हणा, 'नवशिका' म्हणा. लिंबूटिंबू नको.

सोनटक्का
हे टिपणात वर लिहितो. 'सेव्हिंग थ्रो'चं, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाचं, काय करू?

जुनी वही
'बचावाचं दान'. फासे टाकून जे पडतं ते दान, सारीपाटापासून चालत आलेला शब्द आहे. 'रोल कर'ऐवजी 'दान टाक'. आजी तर म्हणायची की 'पोबारा करणे' हेही सोंगट्यांतूनच आलं, पौ म्हणजे एक आणि वर बारा.

वैनगंगा
पण हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणं. चांगलं दान पडल्यावर आपल्याकडचा माणूस पळून का जाईल?

कातळ
मोठं दान पडलं की सोंगटी लांब पळते, म्हणून असेल. हा माझा अंदाज.

उंबर
दान चालेल, ते आपलंच आहे. बाकी पत्त्यांकडे बघा: बदाम आणि चौकट आपले, किलवर आणि इस्पिक बाहेरचे. एकाच कॅटात सुखाने नांदतात. लेव्हलला तेवढी जागा द्या.

सोनटक्का
थोरलीला दोन्ही मसुदे पाठवले. तिनं पात्राला 'लेव्हल' ठेवलं आणि मंत्राला 'पायरी' केलं. 'इयत्ता' खोडली, म्हणाली सुट्टीत शाळा नको. धाकट्याने मात्र नवाच प्रश्न काढलाय: मजले वर चढत जातात, तळघर खाली उतरत जातं, मग तिसरा मजला म्हणजे वरून तिसरा की खालून?

वैनगंगा
ते बघू. पण 'पोबारा'चं मला अजून पटलेलं नाही. जुन्या बखरीत किंवा पोवाड्यात कुणी तो शब्द 'दान' या अर्थाने वाचलाय का?